नऊ मिलिमीटरची बार्शी लाइट

"आई, रूळ संपले."

गॅस संपला, साखर संपली, नळाला पाणी आता चार दिवसांनी... असलं काहीबाही ऐकायची सोलापूरच्या गृहिणीला सवय असते. पण रूळ संपले, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. भाकरी थापता थापता मी विचारलं, "रेल्वेचे?" "मग कसले!" म्हणत चिरंजीव पाय आपटत हॉलमध्ये गेले.

मैत्रिणींनो, आमच्या हॉलबद्दल आधी सांगायला हवं. तिथे एकेकाळी जेवणाचं टेबल होतं. आता त्या जागी घोड्यांवर ठेवलेली आठ बाय चारची प्लायवूडची फळी आहे आणि आम्ही खाली बसून जेवतो. पाहुणे आले की मी "पाठीला बरं असतं" असं सांगते. खरं कारण त्या फळीवर पसरलेलं असतं. कुर्डुवाडी, मोडनिंब, आष्टी आणि पंढरपूर!

हे खूळ मुळात नातवाचं. २०१९ च्या सुट्टीत आण्णा, म्हणजे माझे सासरे, त्याला पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या लघु रेल्वे संग्रहालयात घेऊन गेले होते. भाऊ जोशींनी हौसेपोटी उभं केलेलं हे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. सिग्नल, बोगदे, सर्कस, रोपवे, सगळं हाताएवढं, आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. तिथून आल्यापासून पोरगं झोपेतही शिट्ट्या मारायला लागलं. त्याच वर्षी माझ्या भावानं अमेरिकेहून येताना एक गाडीचा संच आणला. एक इंजिन, चार डबे आणि गोल फिरणारा रूळ. मग लॉकडाऊन लागलं, शाळा बंद झाल्या, आणि त्या गोलाला फाटे फुटायला लागले.

आण्णा रेल्वेतले. बार्शी लाइटवर गँगमन म्हणून लागले आणि मेस्त्री होऊन १९९९ ला निवृत्त झाले. उभा जन्म रुळांवरून चालण्यात गेला. नव्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगते, की बार्शी लाइट म्हणजे अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती आखली. १८९७ मध्ये ती बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, अशी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन नाही, हा कॅल्थ्रॉपचा नियम. म्हणून रूळही हलके, खर्चही हलका. सरकारनं ती १९५४ मध्ये विकत घेतली आणि या शतकात टप्प्याटप्प्यानं सगळी ब्रॉडगेज करून टाकली. आण्णांनी ज्या रुळांवर आयुष्य काढलं, तो रूळ आता जमिनीवर नाही.

तीन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला आण्णांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणं सुधारलं, पण उजवा हात गेल्यातच जमा. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं, बोटांना बारीक काम द्या. चेंडू दाबायला द्या, डाळ-तांदूळ एकत्र करून निवडायला द्या. आण्णांनी ताट बाजूला सारलं. "म्या काय बाईमाणूस हाय व्हय, तांदूळ निवडायला?" मी ते ऐकून सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे विसरले नाही, हं!

सुनेला जमलं नाही ते नातवाला जमलं. एक दिवस तो त्यांच्या कॉटवर बसून म्हणाला, "आजोबा, आपण तुमची पंढरपूरची लाइन करू या का? कुठं काय होतं, तुम्ही सांगायचं." आण्णा उठून बसले. कित्येक महिन्यांत आपणहून उठून बसण्याची ती पहिली वेळ. त्या दिवशी मी जेवणाचं टेबल दिरांकडे पाठवून दिलं.

आता जरा हिशोब. या छंदात चालणारं सगळ्यात प्रचलित माप म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. कुर्डुवाडी ते पंढरपूर सुमारे ५२ किलोमीटर. भागा ८७ नं... जवळजवळ ६०० मीटर! एवढ्यात तर आमच्या कॉलनीचं टोक येईल. म्हणून अंतराला कात्री लावली, पण रुळाच्या रुंदीला लावता येत नाही. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, त्याचे ८७ भाग केले की पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं. बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ मिळतो. तो असतो दुसऱ्याच, आणखी छोट्या मापाच्या गाड्यांसाठी, पण आमचं काम भागत होतं. गंमत म्हणजे आपल्या भारतीय ब्रॉडगेजला या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ लागेल. सर्रास विकला जातो तो साडेसोळाचा, कारण तो परदेशातल्या स्टँडर्ड गेजवरून बेतलेला. म्हणजे आपल्या रुंदीचा रूळ दुकानात टंचाई नसतानाही नव्हताच.

तर पहिले सहा तुकडे आणले, तीन-तीन फुटांचे. कुर्डुवाडी सुटली, मोडनिंबच्या अलीकडे आली, आणि "आई, रूळ संपले."

मला वाटलं, त्यात काय, मागव. पण त्यातली मेख हळूहळू कळली. हे रूळ आपल्याकडे येतात ते बहुतेक बाहेरून. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात समुद्रकाठी एक गाव आहे, तिथल्या कारखान्याचे रूळ जगभर जातात. गावाचं नाव बीअर! (हे ऐकून आमच्या ह्यांनी पहिल्यांदाच या विषयात रस दाखवला.) २०२०-२१ मध्ये घरात अडकलेल्या माणसांनी जगभर हा छंद माळ्यावरून खाली काढला आणि रुळांचा खप एकदम वाढला, दुकानांचे कप्पे रिकामे झाले. त्यात आपल्याकडे खेळण्यांवरची आयात-जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. ज्या दुकानातून आम्ही घेत होतो, त्या दुकानदारानं हात वर केले, "ताई, थोडक्या मालासाठी एवढी कटकट परवडत नाही."

माझं मन यात दोन्हीकडे ओढलं जातं, हे कबूल करते. आमच्या बचत गटातल्या बायका कापडी बाहुल्या शिवतात. स्वस्त परदेशी खेळण्यांनी जत्रेतला त्यांचा धंदा कसा बसवला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जकात वाढली तेव्हा मी मनातून खूश झाले होते. पण बाहुलीला पर्याय आहे, रुळाच्या सांध्याला कुठाय? जे इथं बनतच नाही त्यालाही तीच पट्टी लागली, की कुणाचं भलं होतं हे काही मला उमगलं नाही.

भावाला सांगितलं, येताना आण. त्यानं बिचाऱ्यानं आणले. पण तीन फुटी तुकडा सूटकेसमध्ये मावतो का? तिरपा घातला, वर कपडे कोंबले आणि मुंबईला उतरेपर्यंत आठातले पाच वाकून धनुष्य झाले. एका परदेशी दुकानात आगाऊ पैसे भरून दोन सांधे नोंदवले, तर आज येतील, उद्या येतील करता करता महिने गेले. सांधा म्हणजे जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा. सांधेवाला हा शब्द आता ऐकू येत नाही, पण आण्णांच्या तोंडी अजून आहे.

आणि या सगळ्यात आण्णा परत कॉटवर गेले. काम नाही तर उठायचं कशाला? सकाळी चहा, मग भिंतीकडे तोंड. चेंडू कॉटखाली लोळत पडलेला. मोडनिंबच्या अलीकडे उघडी पडलेली फळी येता-जाता दिसायची आणि मला त्या फळीचा राग यायचा. दिवाळीच्या साफसफाईत ती उचलून गच्चीवर टाकावी, असं मी दोनदा ठरवलं होतं.

गटाच्या पासबुकावर सही घ्यायला आमच्याकडची एक विडी कामगार घरी आली होती. तिला फळीबद्दल सांगितलं, तशी ती हसली. "ताई, कारखान्यातून पान कमी आलं म्हणून आम्ही विड्या कमी देतो काय? हजार म्हंजे हजार. साचा ठेवायचा, कातरी बारीक चालवायची, तुकडा पण फेकायचा नाही." विड्या वळणाऱ्या बायका तेंदूचं पान पत्र्याच्या साच्यावर कापतात, ते मी शंभरदा पाहिलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं म्हणायचं.

रात्री जेवताना हे सांगितलं. आण्णांनी घास थांबवला. "आरं, रूळ कुठं संपत असतोय व्हय? एकीकडचा काढायचा, दुसरीकडं टाकायचा." मग त्यांच्या जुन्या मुकादमाकडून ऐकलेली गोष्ट सांगितली, की लढाईच्या वेळी सरकारनं चालू लाइनी उखडून रूळ बोटीनं परदेशी नेले. बी. ए.ला इतिहास घेतलेला असल्यामुळे मी खातरजमा केली. खरं आहे! पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले रूळ मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात हिमाचलातल्या कांग्रा लाइनचा नगरोट्यापासून जोगिंदरनगरपर्यंतचा तुकडा उखडला आणि १९५४ मध्ये परत टाकला.

लेक आजोबांकडे बघत राहिला. मग उठला आणि माळ्यावरून मामानं दिलेल्या संचाचा तो पहिला गोल काढून आणला. साडेसोळा मिलिमीटरचा. त्याची प्लॅस्टिकची स्लीपर कापली, तर रूळ अख्खा सरकून बाहेर आला. रूळ तो रूळच, रुंदी ठरते ती दोन रुळांमधल्या अंतरानं. म्हणजे सरकारनं नॅरोगेज उखडून ब्रॉडगेज टाकलं आणि आमच्या हॉलमध्ये मोठं उखडून नॅरोगेज! त्याचं अमेरिकन इंजिन खोक्यात गेलं. त्या रात्री पोरगं जरा गप्प होतं. मीही विचारलं नाही.

पुण्याच्या एका छंदी गृहस्थांनी मोडक्या रुळांची पिशवी भरून दिली. वीतभर, टीचभर तुकडे. आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला कारखानाच म्हणायला हवं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून तांब्याचा थर दिलेली फायबरची शीट आणली, तिच्या तीन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या. ही झाली काही स्लीपर. त्यांच्यावर रूळ सोल्डरिंगनं डाग देऊन बसवायचा. दर चार-पाच स्लीपरांत एक तांब्याची, बाकीची लाकडाची, म्हणजे आइस्क्रीमच्या काड्यांची. (कॉलनीतल्या पोरांनी काड्या आणून देण्याच्या नावाखाली किती कुल्फ्या खाल्ल्या, त्याचा हिशोब त्यांच्या आयांनी मला मागू नये.) स्लीपर सारख्या अंतरावर बसावीत म्हणून लाकडात खाचा पाडून साचा केला, विडीच्या पानासारखाच. खडीसाठी शेजारच्या बांधकामावरची कच माझ्या मैद्याच्या चाळणीतून गाळली. ती चाळणी आता कायमची रेल्वेची. कच पसरायची आणि वरून पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरनं सोडायचा. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला तर तो आत मुरतो, नाहीतर वरच गोळे होऊन बसतो.

पहिला तुकडा झाला, वीज जोडली आणि फट्! पॉवर सप्लाय बंद. गाडी चालते ती दोन रुळांतून येणाऱ्या बारा व्होल्टवर, एक रूळ धन, दुसरा ऋण. आमच्या तांब्याच्या स्लीपरनं दोघांना थेट जोडून टाकलं होतं. मग प्रत्येक पट्टीवर मधोमध कानशीनं तांबं खरवडून चीर पाडायची. दीडशेच्या वर पट्ट्या! घराच्या हिशोबाच्या वहीत मी रोज किती झाल्या ते मांडायचे.

एक घोटाळा माझा. पिशवीतले काही रूळ पितळी होते, काळे पडलेले. काळा थर वीज अडवतो. मी आपली हुशारीनं देवाची भांडी घासायची पावडर घेतली आणि लखलखीत करून ठेवले. गाडी जागची हलेना! पावडरीचा पांढरा थर सुकून बसला होता. लेकानं डोक्याला हात लावला. साधं खोडरबर घासायचं असतं म्हणे.

आण्णांच्या उजव्या हाताकडे काम आलं ते दाबून धरायचं. डाग देताना रूळ हलता कामा नये आणि तो तापतो, म्हणून लाकडी चिमट्यानं दाबून धरायचा, मनात वीस मोजेपर्यंत. सुरुवातीला पाच मोजेपर्यंत हात लटपटायचा आणि रूळ वाकडा बसायचा. परत उकलायचा, परत बसवायचा. दोन तुकडे जोडणारी इथली फिशप्लेट तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसते. त्या बशीत घेऊन आण्णा एकेक उचलायला लागले, तेव्हा मी शेजारी तांदूळ निवडत बसले होते. काही बोलले नाही. नुसती बघून हसले. त्यांनाही कळलं.

पण हातापेक्षा मोठी गोष्ट निघाली त्यांचा डोळा. रूळ सरळ आहे का, हे पट्टीनं कळत नाही. आण्णा खुर्ची ओढून हनुवटी फळीला टेकवायचे, एक डोळा मिटायचे आणि रुळाच्या रेषेवरून नजर सोडायचे. "डावीकडं... आजून... लई झालं, मागं घे... बास." ऐन तारुण्यात ते असेच भर उन्हात रुळावर ओणवे होत आणि पुढे गँग पहारी लावून उभी असे. हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं?

त्यांनी बजावलं होतं, दोन रुळांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोड. लेकाला वाटलं, एवढ्याशा रुळाला कसली फट! एप्रिल आला, आपल्या सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. एका दुपारी आष्टीजवळचा रूळ डाग उपटून नागमोडी उभा! आण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर दर जोडाला फट, आणि वीज जावी म्हणून दर जोडाखालून बारीक तार. तुकडे छोटे, म्हणून जोड फार. पण त्यामुळेच गाडी जाताना खटक-खटक आवाज येतो. अख्ख्या रुळावर तो आला नसता.

रूळ पुरवायचे म्हणजे काय काय सोडायचं, हेही त्यांनीच ठरवलं. कुर्डुवाडीच्या यार्डात किती सांधे होते, ते त्यांना तोंडपाठ. आम्हाला झेपणार तीन. मोडनिंबची दुसरी लाइन गेली. आष्टी अजिबात काढून टाकली तर दोन फूट वाचत होते. तेव्हा मात्र ते अडून बसले. "आष्टी ऱ्हाऊ दे." का, ते सांगितलं नाही. आता आष्टीला एक पत्र्याची शेड आणि एक कडुलिंब आहे. पहिला सांधा हातानं करायला एकोणीस दिवस लागले. जिभेसारखे निमुळते रूळ घासायचे, केसाएवढी चूक झाली की डबा घसरतो. तिथे अजूनही पाचातून एकदा घसरतोच.

आषाढीला गाडी पंढरपुरात पोचली. इंजिन म्हणजे जपानी बनावटीच्या छोट्या चाकांवर पुठ्ठ्याचं काळं खोकं आणि त्याला माझ्या जुन्या पेनच्या टोपणाचं धुराडं. घरात सहाच माणसं होतो, पण मी साबुदाण्याची खिचडी डझनभर माणसांची केली होती. आण्णांच्या सदऱ्याची वरची दोन बटणं अजून मी लावते. खालची ते लावतात, वेळ लागतो, पण लावतात.

आणि परवा, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, ते नोंदवलेले दोन सांधे आले! जकात भरून सोडवून घेतले. खोकं उघडून बघतो तर त्यांच्या रुळाची उंची आमच्या उखडलेल्या रुळापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी. एकाला एक लागेना. लेक कपाळाला आठ्या घालून बसला. आण्णा म्हणाले, "कॉम्बिनेशन फिशप्लेट." खऱ्या लाइनवर जड आणि हलका रूळ जोडायला तशी वेगळी पट्टी असते म्हणे. मग एक फिशप्लेट अर्धी पक्कडीनं चपटी केली, तिच्यावर बुटका रूळ ठेवला आणि उरलेल्या अर्ध्यात मोठा घातला. लेकानं डाग दिला, चिमटा आण्णांच्या उजव्या हातात.

गार झाल्यावर त्यांनी नख जोडावरून फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. "अटकतंय," म्हणाले, "कानस आण."